चौदातला चार

बाणाई कोकरे हिनं शिट्टी वाजवली, दोन्ही मुठी आवळून डोक्यावर नेल्या आणि हलवल्या, आणि मुठी अजून वर असतानाच बोर्डामागे ढोलावर टिपरू पडलं. इतक्या वर्षांत तिनं कितीतरी मैदानांवर शिट्टी वाजवली होती. शिट्टीला शिव्यांनी उत्तर मिळालेलं तिनं ऐकलं होतं, टाळ्यांनीही ऐकलं होतं; ढोलानं मात्र आजच. पाठोपाठ झांजेसारखं कैताळ खणाणलं, कुणीतरी बिरोबाच्या नावानं चांगभलं म्हणून आरोळी ठोकली, आणि कळंबहून टेम्पो भरून आलेल्या माणसांनी कमरेच्या पिशव्या सोडून मुठी मुठी भंडारा आभाळात उधळला. जानेवारीतलं कलतं ऊन होतं. ती हळद क्षणभर उन्हात तशीच टांगल्यासारखी राहिली आणि मग सावकाश खाली आली, बोर्डावर, जाळीवर, फ्री थ्रोच्या वर्तुळावर आणि दहाही मुलींच्या अंगावर. बाणाईच्या जिभेवर कडवट चव आली तेव्हा तिच्या लक्षात आलं की आपल्या मुठी अजून वर आहेत. तिनं त्या खाली घेतल्या. माणसं का नाचताहेत तेही तिला त्याच वेळी कळलं. सामना संपायला मिनिटभरही उरलेलं नाही, कळंबच्या पोरी एका गुणानं पुढं आहेत, अशात खेळ थांबतो आणि कोर्टाच्या मधोमध उभी असलेली बाई दोन्ही मुठी हवेत नाचवते, याचा अर्थ जत्रेत वाढलेल्या माणसानं दुसरा काय लावायचा? बास्केटबॉलच्या पंचांच्या खुणांत त्या मुठींचा अर्थ एवढाच होता की दोन विरुद्ध बाजूंच्या खेळाडूंनी जवळपास एकाच वेळी एकमेकींवर आगळीक केली आहे, दोघींच्या नावावर एकेक फाउल. पण हे बारामतीतल्या त्या शाळेच्या आवारात फार तर वीस जणांना ठाऊक असेल, आणि त्यांतला एकही ढोलापाशी नव्हता.

ती ढोलाकडे चालत गेली. धावली नाही, पंचानं खेळ थांबलेला असताना धावू नये असं तिचं मत होतं, धावणारा पंच चुकल्यासारखा दिसतो. ढोल गळ्यात अडकवलेला बिरदेव घामानं निथळत होता. तिनं नुसता हात वर केला तसं टिपरू थांबलं. "सामना संपलेला नाही," ती म्हणाली, "फाउल दिलाय. दोघींना." बिरदेवनं तिच्याकडे पाहिलं, मग मागे वळून आपल्या माणसांकडे पाहिलं. "आगं बाय," तो म्हणाला, "मग मुठी कशाला उगारल्यास? आमाला वाटलं, जितलो." मागून एक म्हातारा म्हणाला, "दोगींनाबी फाउल? म्हंजी दोगीबी हारल्या का काय?" आणि सगळे हसले. बाणाईलाही हसू आलं, पण ते तिनं शिट्टीमागे दाबून धरलं. मग ती टेबलाशी दोन्ही फाउल नोंदवून, घड्याळ सांभाळणाऱ्याला खूण करून वर्तुळ स्वच्छ होईपर्यंत खेळ थांबवला आहे असं सांगून आली. "कोरडंच झाडा," ती शाळेच्या शिपायाला म्हणाली, "पाणी अजिबात लावू नका, चिखल होईल." ती अकरावीला जीवशास्त्र शिकवायची, रसायन नव्हे, तरी हळदीचं आणि पाण्याचं काय होतं ते तिला माहीत होतं. पण ती वळेपर्यंत कुणीतरी ओलं पोतं आणून वर्तुळावर फिरवलंही होतं, आणि सामन्यासाठी सकाळी चुन्यानं ताजी आखलेली वर्तुळाची रेघ बघता बघता लालभडक झाली. हळदीला चुना लागला की कुंकू होतं, हे आठवीतल्या पोरीही सांगतील. लाल गोल, त्याभोवती पिवळी फरशी. दोन शिपाई आणि तीन मुली खराटे आणि कोरडी पोती घेऊन तो चिखल निपटायला लागल्या, आणि बाणाईला आयुष्यात क्वचित मिळतो तसा वेळ मिळाला: निर्णय दिल्यानंतरचा आणि त्याप्रमाणे खेळ सुरू होण्याआधीचा रिकामा वेळ.

एरवी तो नसतोच. एरवी पंच शिट्टी वाजवतो, खूण करतो, टेबलाकडे जाऊन स्कोअररला नंबर सांगतो, परत येतो आणि खेळ सुरू करतो. शंका डोकं वर काढायच्या आत चेंडू हवेत गेलेला असतो. पुढं काय करायचं याबद्दल बाणाईला तिळमात्र संशय नव्हता. चेंडू बोर्डावर आपटून परत येत होता, कुणाच्याच ताब्यात नव्हता. अशा वेळी दुहेरी फाउल झाला तर तेव्हाच्या नियमानं फ्री थ्रो कुणालाच नाहीत, सर्वांत जवळच्या वर्तुळात जंप बॉल. ज्या दोघींनी आगळीक केली त्याच दोघी समोरासमोर उभ्या राहणार आणि पंच त्यांच्या मधोमध चेंडू सरळ वर उडवणार. दोघींतल्या एखादीचा पाचवा फाउल झाला असेल तर ती बाहेर, तिच्या जागी जी येईल ती उडी मारणार. हा नियम तिला नेहमीच देखणा वाटत आला होता. शिक्षा दोघींना सारखी, आणि मग जणू काहीच ठरलेलं नाही अशा ठिकाणी परत जायचं, तशाच उडीपाशी, जिनं सामना पहिल्यांदा सुरू झाला होता. राजलक्ष्मीचा, बारामतीच्या नऊ नंबरच्या मुलीचा, हा पाचवा फाउल होता. ती बाहेर गेली होती. बाकावर टॉवेलमध्ये तोंड खुपसून बसली होती आणि तिची पाठ हलत होती. कळंबच्या चौदा नंबरच्या मुलीचा तिसराच होता. तिचं नाव नकोशी. बाणाईला नंबर आवडायचे ते यासाठीच. आईबापांनी रागाच्या भरात काय नाव ठेवलं याच्याशी नंबराला कर्तव्य नसतं.

सावळाराम सर जवळ आले. ते दुसरे पंच, भिगवणच्या शाळेत खेळाचे शिक्षक, वयानं तिच्यापेक्षा बरेच मोठे, आणि ती पुण्याहून पंचाची परीक्षा देऊन आली तेव्हा तिला पहिला सामना त्यांनीच दिला होता. त्यांनी तोंडाशी हात नेला, म्हणजे दुरून कुणाला ओठ दिसू नयेत. "बाई, मला एकच दिसला," ते म्हणाले. "चौदा नंबरनं मागं कोपर हाणलं, ते मी समोरनं बघितलं, साऱ्या मैदानानं बघितलं. नऊ नंबरचं मला काय दिसलं न्हाई. तुमी बघितलं आसंल तर इषय संपला. नसंल तर चेंडू अजून आपल्या हातात हाय. उडवला की गेला." एवढं बोलून ते खराटेवाल्यांवर ओरडायला निघून गेले. त्यांच्या बोलण्यात ना आरोप होता ना सल्ला. भिगवणच्या बाजारात मासळीवाला ताजा मासा आणि कालचा मासा शेजारी शेजारी ठेवतो आणि गिऱ्हाइकाकडे बघतही नाही, तसं त्यांनी ते तिच्यापुढे ठेवलं.

बघितलं होतं का? तिनं स्वतःला विचारलं, आणि उत्तर लगेच आलं नाही याचं तिला आश्चर्य वाटलं. कोपर तिला लख्ख आठवत होतं. नकोशीचं डावं कोपर मागे आलं, राजलक्ष्मीच्या छातीत बसलं, हवा गेल्याचा आवाज आला. त्या आधी, किंवा त्याच वेळी, राजलक्ष्मीच्या उजव्या हातानं नकोशीचा शर्ट कमरेपाशी मुठीत धरला होता. असं ती टेबलाशी म्हणाली होती. पण आता ती मूठ आठवू पाहिली तर मूठ दिसेना. हात दिसत होता, शर्ट दिसत होता, त्यांच्या मधला दुवा मात्र तिनं विचार केला की दिसायचा आणि विचार सोडला की विरायचा. दर वर्षी अकरावीच्या वर्गात ती एक प्रयोग करून घ्यायची. कागदावर एक फुली, चार बोटांवर एक ठिपका. एक डोळा मिटा, फुलीकडे बघत कागद जवळ आणा. एका जागी ठिपका नाहीसा होतो. डोळ्याच्या मागच्या पडद्यावर जिथून मज्जातंतू बाहेर पडतो तिथं डोळा आंधळा असतो. पण मुलींना नवल वाटायचं ते ठिपका गेल्याचं. बाणाईला वाटायचं ते त्या जागी भोक दिसत नाही याचं. मेंदू ती जागा आजूबाजूच्या कागदानं भरून काढतो. पांढऱ्या कागदावर पांढरं, रेघांच्या वहीवर रेघा. "म्हणजे मॅडम, आपण जे बघतो त्यातलं थोडं रचलेलं असतं?" एका मुलीनं विचारलं होतं, आणि बाणाई हसून म्हणाली होती, "थोडंच. पण नेमकं कुठलं, ते डोळा सांगत नाही." वर्गात हे वाक्य हुशारीचं वाटलं होतं. आज पिवळ्या कोर्टावर ते तिच्यावरच उलटलं.

आणि टेबलापाशी ती चुकली होती. ते तिला आता आठवलं. स्कोअररला नंबर सांगताना तिनं आधी नऊ म्हटलं आणि मग, स्वच्छ आवाजात, एक. स्कोअररनं मान वर केली. "एक, मॅडम?" या खेळात एक नंबर नसतोच. नंबर चारापासून सुरू होतात, बोटांनी दाखवायच्या खुणांशी गल्लत होऊ नये म्हणून. हे तिला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता आलं असतं. "चौदा," तिनं दुरुस्त केलं. "नऊ आणि चौदा." स्कोअरर पोरगेला मास्तर होता, त्याच्या भुवया वर गेलेल्या तिनं पाहिल्या. जी बाई खेळाडूच्या पाठीवर नसलेला नंबर वाचते तिनं नसलेली मूठही बघितली नसेल कशावरून?

"बाई, जरा येता का हिकडं." मंडपातून हिंदुराव हाक मारत होते. ते संस्थेच्या कमिटीवर होते, साखर कारखान्याचे जुने सभासद, या कोर्टाचं सिमेंट त्यांनीच घालून दिलं होतं आणि राजलक्ष्मी त्यांची नात. बाणाई मंडपाच्या बाहेरच थांबली. आत जाणं तिला योग्य वाटलं नाही. हिंदुराव स्वतः उठून पुढं आले. पांढरा फेटा, त्याच्यावरही हळदीचे कण. आवाजात राग नव्हता, उलट माया होती, आणि मायेचाच तिला जास्त त्रास झाला. "निर्णय तुमचा, बाई, आमी त्यात पडनार न्हाय. पोरगी रडती तर रडू द्या, खेळ हाय. तुमच्याकडच्या पोरी लई तयारीच्या, आमाला कौतुकच हाय." ते थांबले. "तुमचं आजोळ कळंबच न्हाय का?" "हो, आबा," ती म्हणाली. "मग बराबर हाय," ते हसून म्हणाले. "माणूस हाय. रगात वढतंयच की. त्यात वाईट काय न्हाय." आणि त्यांनी हात जोडले, जणू तिचा गुन्हा माफ करून टाकला. शेजारी उभे असलेले बारामतीच्या संघाचे शिक्षक मात्र एवढे पोक्त नव्हते. "मॅडम, शर्ट धरला म्हणता, मग शर्टावर काहीतरी खूण असेल ना? ओढलेला दिसेल, डाग दिसेल. दाखवा की!" बाणाईनं कोर्टाकडे हात केला. नकोशी तिथं उभी होती, केसांपासून बुटांपर्यंत पिवळी. तिच्या शेजारी बारामतीच्या मुली, त्याही पिवळ्या. डाग नाही असा शर्टच आवारात उरला नव्हता. पुरावा असेलच तर तो आता फक्त एका जागी होता, बाणाईच्या डोळ्यामागे, आणि तिथंही हळद उडाल्यासारखी झाली होती.

निर्णय फिरवणं सोपं होतं. हे तिच्या ध्यानात आलं आणि ती दचकली. किती सोपं होतं ते. टेबलाशी जायचं, नऊचा फाउल रद्द म्हणायचं, चौदाचा कायम. राजलक्ष्मी परत येईल, फ्री थ्रो मारेल, बहुधा दोन्ही जातील, बारामती जिंकेल. आणि माणसं म्हणतील, कोकरे बाई म्हणजे बाई, आजोळच्या पोरींनाही सोडलं नाही. पुढच्या वर्षी जिल्ह्याचे सामने तिला मिळतील. सावळाराम सर मान डोलावतील. तिच्या निःपक्षपातीपणाचं सोनं होईल, आणि किंमत कोण देणार, तर चौदा नंबरची एक मुलगी, जिला किंमत द्यायची सवय नावापासूनच लागलेली.

ती चेंडू घ्यायला दोरीच्या कडेनं निघाली. कळंबची माणसं आता मांडी घालून बसली होती, ढोल मधोमध आडवा, पोरं कडेकडेनं भंडारा गोळा करून पिशवीत भरत होती. पहिल्याच रांगेत तिची आई बसली होती. सारजाबाई वरकुट्याची, पण माहेरच्या माणसांबरोबर टेम्पोत बसून लेक कसा खेळ खेळवते ते बघायला आली होती. तिला या खेळातलं काही कळत नव्हतं. सकाळी तिनं विचारलं होतं, "त्या जाळीला बूड न्हाय, तर चेंडू त्यात ऱ्हायचा कसा?" आता तिनं तळव्यावरची मिसरी बोटानं दाताला लावली आणि जाणाऱ्या लेकीला विचारलं, "काय दिलंस गं बाने?" पंचानं सामन्यात प्रेक्षकाशी बोलायचं नसतं. पण थोड्या वेळापूर्वी बिरदेवशी बोलावंच लागलं होतं, आणि तेच वाक्य पुन्हा सांगण्यात काही वावगं नव्हतं. "दोघींना फाउल," बाणाई न थांबता म्हणाली. आईचं बोट दातावरच थांबलं. "दोगींचंबी चुकलं?" ती म्हणाली, आणि मग अगदी हलक्या आवाजात, "दोनी बगितलंस का?"

बाणाई पुढं गेली. पण पायाखालचं सिमेंट सरकून त्या जागी वरकुट्याचा माळ आला, मेंढरं कोंडायचं दगडांचं वाडगं, बाभळीच्या फांद्यांचं झाकण, आणि मेंढरांचा तो उबदार, ओलसर वास, जो पुण्याच्या वसतिगृहात तिला पहिल्या वर्षी आठवायचा आणि लाज वाटायची, आणि मग लाज वाटल्याची लाज वाटायची. तिचा बाप जोतीराम माळावरचा पंच होता. मेंढरं कुणाच्या ज्वारीत शिरली, ज्वारीवाल्यानं मेंढक्याच्या पाठीत काठी घातली, की दोघंही त्याच्याकडे यायचे. तो दोघांचं ऐकायचा, तंबाखू मळायचा आणि म्हणायचा, "मेंढरानं खाल्लं, तू मारलंस. दोगांचंबी चुकलं. उठा, च्या घ्या." आणि माणसं उठायची, चहा घ्यायची, मेंढरं पुन्हा चरायला लागायची. लहानपणी बाणाईला ते जादूसारखं वाटायचं. पुढं नियमांच्या पुस्तकात दुहेरी फाउलचं कलम वाचलं तेव्हा तिला बापाचाच आवाज ऐकू आला होता.

पण एकदा भांडण घरातच झालं. वाडग्याचं झाकण उघडं राहिलं, मेंढरं बाहेर पडली आणि गर्दीत एक कोकरू तुडवलं जाऊन मेलं. चुलती चंद्राबाई म्हणाली, झाकण सारजानं उघडं टाकलं. सारजा म्हणाली, मी तिकडं गेलेच नव्हते. शब्दाला शब्द लागला, झिंज्यांपर्यंत गेलं. जोतीराम आला, तंबाखू मळली, आणि म्हणाला, "दोगींचंबी चुकलं. उठा, मेंढरं सोडा." अख्ख्या माळावर त्याची वाहवा झाली. जोतीरामानं सख्ख्या बायकोचीसुद्धा बाजू घेतली नाही, असा पंच पाहिजे. दुसऱ्या दिवशी सकाळी आई चुलीपुढे भाकरी थापत होती आणि बाप शेजारी चहा पीत होता. बाणाई काटवटीजवळ बसून पिठात बोटं ओढत होती. आई भाकरीवरची नजर न काढता म्हणाली, "माजं चुकलं म्हनालात. कुटं चुकलं?" बाप म्हणाला, "आता मिटलं न्हवं ते." "मिटलं की," आई म्हणाली. "पर माजं कुटं चुकलं, ते सांगा. तुमी बगितलं न्हवतं. न बगता दोगींचं चुकलं म्हननं लई सोपं आसतंय. आपलं मानूस आसलं की आजूनच सोपं." भाकरी तव्यावर पडली. बापानं कपातला चहा संपवला आणि रिकामा कप खाली ठेवून उठला. त्यानंतर त्यानं कितीतरी निवाडे दिले, पण बाणाईच्या लक्षात राहिलं ते एवढंच, की त्यानंतर तो दोघांचं चुकलं म्हणाला की प्रत्येकाकडे बोट करून सांगायचा, तुझं हे, आणि तुझं हे. आणि सांगता आलं नाही तर म्हणायचा, मला ठावं न्हाय.

चेंडू तिच्या हातात होता. त्यालाही हळद लागली होती; तिनं रुमालानं तो पुसायला घेतला, आणि पुसता पुसता तिच्या मनात सगळं हळूहळू आपापल्या जागी जाऊन बसलं. बापाच्या हातून झाली तीच चूक तिच्या हातून व्हायची वेळ समोर होती. फक्त ती फाउल दिल्यानं होणार नव्हती, काढून घेतल्यानं होणार होती. आपलं माणूस आहे म्हणून त्याच्यावर जास्तीचं ओझं टाकायचं आणि त्याला न्याय म्हणायचं. तिनं ते नाकारलं. पण नाकारून प्रश्न सुटत नव्हता. आईचा प्रश्न होता तसाच उभा होता. दोन्ही बघितलंस का. मला ठाऊक नाही असंही उत्तर असू शकतं, आणि ते खरं असेल तर तेही द्यावं लागेल. तिनं भावना बाजूला ठेवल्या, प्रयोगशाळेत ठेवतात तशा, आणि पुन्हा पहिल्यापासून बघायला सुरुवात केली. मूठ शोधायची नाही. मूठ आपल्याला हवी आहे, म्हणून ती मेंदू रचून देईल. जे नको होतं ते शोधायचं. मी कुठं उभी होते? दोघींच्या मागे, डाव्या अंगाला, तिरकस. सावळाराम सर बोर्डाखाली, समोर. त्यांना कोपर दिसणार, कमरेमागचं दिसणारच नाही. मला काय दिसलं? पाठ. पांढऱ्या शर्टाची पाठ, तिच्यावर काळा नंबर.

एक.

तिचा हात चेंडूवर थांबला. एक नंबर नसतो. शिट्टी ओठांत असताना, वाजायच्या आधी, तिच्या मनात नेमका हाच विचार येऊन गेला होता: एक? एक तर नसतो. मग शिट्टी वाजली, ढोल वाजला, आणि तो विचार हळदीखाली गाडला गेला. टेबलापाशी तोच तोंडातून बाहेर पडला होता आणि तिनं त्याला चूक समजून दुरुस्त केलं होतं. ती चूक नव्हती. ती चौदाच्या पाठीवर एक वाचत होती, कारण त्या क्षणी पाठीवर एकच होता. चौदातला चार शर्टाच्या चुणीत गेला होता. उजव्या कमरेपाशी कुणीतरी शर्ट मुठीत गोळा केल्याशिवाय उजवीकडचा आकडा तसा गिळला जात नाही, आणि नकोशीच्या उजव्या कमरेमागे, हात पोचेल एवढ्या अंतरावर, राजलक्ष्मीवाचून दुसरं कुणी नव्हतं. मेंदू रिकामी जागा भरतो ती नीटनेटकी भरतो. पांढऱ्यावर पांढरं, रेघांवर रेघा. त्याला रचायचंच असतं तर त्यानं चौदा रचला असता, पूर्ण, वाचता येईल असा. खेळात नसलेला आकडा कोण कशाला रचेल? असा ओबडधोबड, अडचणीचा, टेबलापाशी लाज आणणारा आकडा फक्त डोळाच आणू शकतो. बाणाईला हसू आलं, या वेळी तिनं ते दाबलं नाही. तिनं दीर्घ श्वास घेतला. वाऱ्यावर कारखान्याच्या मळीचा आंबूस वास होता, रस्त्यावरून उसाचा ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या ओढत, गाणी वाजवत चालला होता, आणि तिला एकाएकी भूक लागल्याचं जाणवलं.

ती आधी नकोशीपाशी गेली. "चौदा. डावं कोपर, मागे, तिच्या छातीत. हा तुझा फाउल." नकोशीनं मान हलवली. नाकारण्यासारखं काही नव्हतं. मग ती बारामतीच्या बाकाशी गेली. बाद झालेल्या खेळाडूला पंचानं जाऊन काही सांगावं असा नियम नाही, सांगू नये असाही नाही. राजलक्ष्मीनं टॉवेल खाली घेतला. डोळे सुजले होते, गालांवर हळदीत अश्रूंच्या वाटा पडल्या होत्या. "नऊ," बाणाई म्हणाली, आणि मग, "राजलक्ष्मी. उजवा हात. तिचा शर्ट, कमरेपाशी, मागून. तिचं कोपर दिसलं तसंच हेही दिसलं. कुठं चुकलं ते तुला माहीत असावं म्हणून सांगते." शिक्षक काही बोलायला पुढं झाले. राजलक्ष्मीनं बाणाईकडे पाहिलं, मग मंडपात बसलेल्या आजोबांकडे, आणि टॉवेल पुन्हा तोंडाला लावला. फक्त डाव्या हातानं.

वर्तुळ आता कोरडं झालं होतं. रेघ लालच राहिली होती. ती पुसायची तिनं गरज मानली नाही, वर्तुळ वर्तुळासारखं दिसत होतं. बारामतीकडून राजलक्ष्मीच्या जागी आलेली उंच, घाबरलेली मुलगी आणि समोर नकोशी, दोघी आपापल्या अर्ध्यात उभ्या राहिल्या. बाकीच्या मुली रेघेबाहेर. वर्तुळात जाताना बाणाई दोरीपाशी थांबली नाही, पण सावळाराम सर दोरीलगतच उभे होते. "दोन्ही बघितले, सर," ती म्हणाली, वर्गात शेवटच्या बाकाला ऐकू जाईल एवढ्या आवाजात. सरांनी मान हलवली आणि आपल्या जागेवर गेले. त्यांच्या मागे सारजाबाईनं तोंडातली मिसरी बाजूला थुंकली, पदर सारखा केला आणि शेजारणीला म्हणाली, "आता बग."

बाणाईनं तळव्यावर चेंडू तोलला. मंडपाकडे बघितलं नाही, ढोलाकडेही नाही. जत्रेत बाप तिच्या मुठीत भंडारा द्यायचा आणि मनगट धरून दाखवायचा कसा टाकायचा ते. "कुनाच्या अंगावर न्हाय टाकायचा. सरळ वर. कुनावर पडंल ते मग त्याचं तो बगंल." तिनं गुडघे किंचित वाकवले आणि दोघींच्या मधोमध, दोघींच्याही हातांना पोचणार नाही इतका उंच, चेंडू सरळ वर उडवला. तो गेला, उन्हात फिरला, त्याच्या शिवणीत उरलेली हळद सुटून बारीक झडली, आणि जिथं तो ना कुणाचा असतो ना कुणाविरुद्ध, तिथं पोचला. खाली दोन मुली एकाच वेळी जमिनीवरून सुटल्या.